रानव्रतीचे तिसरे रूप

पंचावन्नाव्या वर्षी, निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना, मी एक खेळ खेळू लागले. त्या वयात आमच्याकडच्या बायका भजनी मंडळात जातात किंवा गुडघ्यांसाठी तेल शोधतात. मी मात्र दर रविवारी दुपारी दुसऱ्याच्या घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून, वीस बाजूंचा फासा मुठीत धरून, कुठल्याही नकाशात नसलेल्या राज्यातल्या एका वैदूच्या तोंडचे बोलत असे. हे मी महाविद्यालयात कोणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे धैर्य माझ्यात कधीच नव्हते.

खेळ समजायला अवघड नाही. एक जण सूत्रधार होतो आणि मुलुख, वाटा, संकटे शब्दांत उभी करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, आपले पात्र आता काय करील ते सांगतात, आणि ते जमले की फसले हे फासा ठरवतो. हारजीत नसते. एकच गोष्ट सर्वांनी मिळून, महिनोन्‌महिने, पुढे न्यायची असते.

मला तिथे नेले ते आमच्या कार्यालयातल्या लिपिक बाईंनी. चंद्रपुरातल्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवीत असे, आणि मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत न बसता, कार्यालयातल्या त्यांच्या टेबलाशी डबा खात असे. नऊ वर्षे आम्ही अशा जेवलो. त्या मला मॅडम म्हणत, मी त्यांना बाई म्हणे. त्यापुढे आम्ही दोघीही गेलो नाही. तरी कोणी मला मैत्रीण आहे का असे विचारले असते, तर मी त्यांच्याच खुर्चीकडे पाहिले असते. त्या मूळच्या सावली तालुक्यापलीकडच्या एका गावच्या. घर मासेमारीचे, शिवाय थोडे धान. वडील अजून गावीच होते, ऐंशीच्या घरात, आणि अजून तलावावर जात.

सूत्रधार म्हणजे बाईंच्या बहिणीचा मुलगा, माझा जुना विद्यार्थी. त्याच्या कंपनीने घरून काम करण्याची मुभा दिल्यावर तो पुण्याहून परतला होता आणि खेळायला माणसे मिळत नाहीत म्हणून हिरमुसला होता. त्याचा एक मित्र, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा, तेवढा तयार होता. दोघांत खेळ होत नाही. म्हणून मावशी बसली, आणि मावशीने मला ओढले.

"मॅडम, तुमी नुसत्या बसून राहा. बोला नोका. पोट्टं रडून राह्यलं घरी."

मी बसले, आणि पुढे बोललेही. माझे वैदूचे पात्र माझ्यासारखेच निघाले. एकदा घाटात दरोडेखोर आडवे आले, तेव्हा मी म्हटले, "मी त्यांना विचारते, आम्ही या वाटेने गेलो तर चालेल का?"

मोबाइलवाल्याने कपाळावर हात मारला. "मॅडम, दरोडेखोर हायेत ते. अर्ज करून राह्यल्या का तुमी?"

"करू दे ना रे," बाई म्हणाल्या. "मंजूर झाला तं तुही आग वाचंल. दर वेळी जाळपोळ." त्याचे पात्र अग्निमांत्रिकाचे होते.

फाशावर एकोणीस आले. दरोडेखोरांनी वाट दिली. त्या दिवशी मी जितकी हसले, तितकी गेल्या कित्येक वर्षांत हसले नव्हते.

बाईंचे पात्र संन्यासी योद्ध्याचे होते: शस्त्र न घेता, श्वास आणि हातपाय यांच्या साधनेवर लढणारे मठातले माणूस. असे पात्र थोडे मुरले की त्याला एक पंथ निवडावा लागतो, आणि पंथाप्रमाणे त्याला निराळी सिद्धी मिळते. भाच्याने पुस्तकातले पंथ वाचून दाखवले. बाईंना एकही पटला नाही.

"हे सगळे थंड्या मुलकातले साधू दिसून राह्यले. बरफ, डोंगर, घंटा. आपल्याकडचा नाई का एखादा? जंगलातला? जो कवा अस्वल होते, कवा आनखी काही होते?"

"तसा नाई मावशी. आपन बनवू शकतो, पन नियम लिहा लागते."

"मंग मॅडम लिहितील. त्या तं गवताच्या काडीलेबी दोन-दोन नावं लावते."

अशा रीतीने, प्रात्यक्षिकांच्या सूचनांखेरीज आयुष्यात काहीही न लिहिलेल्या मी, रूप पालटणाऱ्या संन्याशांचा एक पंथ लिहायला घेतला. त्याला नाव दिले रानव्रती. चार महिने लागले. संध्याकाळी पेपर तपासून झाले की वही उघडायची आणि एखादा नियम तीन तीनदा खोडून पुन्हा लिहायचा, यात मला जे सुख मिळाले, त्याला मी काय म्हणावे ते अजून ठरवू शकलेले नाही. त्याची मला लाजही वाटे.

माझा मूळ नियम असा होता की, रानव्रतीने जो जीव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे त्याचेच रूप त्याला धरता येईल, आणि प्रत्येक रूपाचे एक व्रत असेल. ते मोडले की रूप गळून पडेल. पहिले रूप अस्वलाचे. विद्यार्थ्यांना घेऊन मी अनेकदा धानोऱ्याच्या बाजूला वनस्पती गोळा करायला जात असे. तिथे मोहफुले वेचणाऱ्या एका म्हातारीला मी पाहिले होते. प्रत्येक झाडाखाली शिरण्यापूर्वी ती मुद्दाम मोठ्याने खाकरे आणि क्षणभर थांबे, कारण मोहाखाली अस्वल आधीच बसलेले असू शकते आणि त्याला उठून जायला वेळ द्यावा लागतो. त्यावरून मी व्रत लिहिले: अस्वलाच्या रूपातल्या रानव्रतीने चाहूल दिल्यावाचून हल्ला करू नये.

"मंजे हाबी अर्जच करते!" बाई म्हणाल्या.

दुसरे रूप खवल्या मांजराचे. वेटोळे घालून बसले की कोणताही घाव लागत नाही. पण तोवर सोबत्यांची हाक ऐकू येत नाही. वाघाचे रूप हवेच, असा मोबाइलवाल्याचा हट्ट होता. बाईंनी तो चालू दिला नाही. "वाघ नको. वाघ सगळ्याइलेच पायजे. सफारीवाल्याइले राहू दे तो."

तिसरे, सर्वांत मोठ्या साधनेनंतर मिळणारे रूप मला सुचत नव्हते.

भाद्रपदातल्या एका दुपारी वीज गेली होती आणि आम्ही कार्यालयाच्या दारात खुर्च्या ओढून डबा खात होतो. बाईंच्या डब्यात बहुतेक मासळी असे, गावाहून येई. मी मासे खात नाही, पण नऊ वर्षांत नावे ओळखू लागले होते, आणि त्यांच्या तिकडे जिला इतका मान, ती मरळ त्या डब्यात मी कधी पाहिली नव्हती. का, असे मी सहज विचारले.

बाईंनी डब्याचे झाकण लावले. मग त्यांनी सांगितले.

मरळ अंडी घालते तेव्हा नर-मादी जागा सोडत नाहीत. पिल्ले निघाली की तांबड्या रंगाचा एक पुंजका पाण्यावर हलताना दिसतो, आणि त्याच्या खाली, दिसणार नाही अशी, मोठी मरळ राखण करीत फिरते. बाई अकरा वर्षांच्या होत्या, भाऊ सहा वर्षांचा. धानाच्या रोवणीचे दिवस, आई-वडील बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. आईने निघताना बजावले होते, याले पाह्यशील. दुपारी शेजारची मुलगी सायकल घेऊन आली आणि बाई सायकल शिकायला गेल्या. भाऊ एक फडके घेऊन तलावात तो तांबडा पुंजका पकडायला उतरला.

"घरी आली तं सगळे तलावावर. मी भेली, मॅडम. माय इचारे, तू कुठी होती? मी म्हनलं, मी तं काड्या वेचाले गेली होती, तो आजीजवळ निजला होता. आजी खरंच निजली होती. मंग सगळ्याइनं आजीलेच म्हनलं का तुह्या डोळ्यांदेखत गेला. आजी काही बोललीच नाई. तिले वाटलं का खरंच तिच्याजवळ असंल."

त्यानंतर त्यांच्या वडिलांनी मरळ धरली नाही. जाळ्यात आली तर दोन्ही हातांनी उचलून पाण्यात सोडत. घरात भाऊ गेला असे कोणी म्हणत नसे. तो पाण्यात आहे, असे म्हणत.

"हे मी कोनालेच सांगतलं नाई. नवऱ्यालेबी नाई." एवढे बोलून त्यांनी डबा धुतला आणि प्रवेशाच्या याद्या करायला बसल्या.

मी एक शब्दही बोलले नाही. त्यांच्या पेल्यात पाणी ओतले, तेवढेच. एखाद्याच्या दुःखापुढे काय म्हणायचे असते हे मला कधी आले नाही, आणि त्या न बोललेल्या उत्तराचा भार मी पुढे दोन महिने वागवीत राहिले. त्याच भाराखाली, दिवाळीच्या सुट्टीत, मी तिसरे रूप लिहिले. ते मरळीचे होते.

तो नियम मला पाठ आहे. 'या रूपातील रानव्रती ज्या सोबत्याची राखण करील, त्याला मृत्यू येणार नाही. हे रूप धरण्यापूर्वी व्रतीने दोन नावे सूत्रधारापुढे उच्चारावीत: ज्याला राखायचे होते आणि राखता आले नाही, त्याचे, आणि त्याचा बोल ज्याने आपल्याऐवजी सोसला, त्याचे.'

मला तो फार चांगला वाटला. शक्तीइतकीच जड किंमत, असे मी स्वतःशी म्हटल्याचे आठवते. आणि बाईंचे काही उघड करतो आहोत, असे मला खरोखर वाटले नाही. वनस्पतीचा नमुना कागदावर लावताना आपण मुळांची माती झटकतो, वाळवतो, दाबतो. मग तो कोणत्या बांधावरचा होता हे पाहणाऱ्याला कळत नाही. मी गाव काढले होते, तलावाचे नाव काढले होते, भाऊ काढला होता, सायकल काढली होती. आता ही केवळ एका पंथाची दीक्षा आहे, असे मी मानले. उलट बाई ते वाचतील, कोणालाही न कळता ती दोन नावे त्या टेबलावर उच्चारतील, आणि हलक्या होतील, असेही मी योजले होते. त्यांना अचानक आनंद द्यावा म्हणून आधी दाखवले नाही. टाइप करून, निळ्या फाइलमध्ये घालून, मी ते थेट सूत्रधाराच्या हाती दिले.

तो मार्गशीर्षातला रविवार होता. भाच्याच्या आईने कोथिंबीर भरून सांबारवड्या तळल्या होत्या आणि मोबाइलवाल्याने तीन एकदम ताटात घेतल्या होत्या. खेळात एका नदीच्या डोहाशी आम्ही अडकलो होतो. माझा वैदू जखमी होता. भाचा म्हणाला, "मावशी, तुह्या साधूची साधना पूरी झाली. मॅडमनं तिसरं रूप आनलं आहे." आणि त्याने फाइल उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

मरळ हा शब्द आल्यावर तो किंचित थबकला. त्यांच्या घरात मरळ खात नाहीत हे त्यालाही ठाऊक होतेच. पहिल्या नावाची अट वाचताना त्याचा आवाज मंदावला. दुसऱ्या नावाची अट वाचून होईपर्यंत तो मान वर करून मावशीकडे पाहत होता. 

मी बाईंकडे पाहत होते. त्यांच्या हातात अर्धी वडी होती. चेहऱ्यावर काहीच झाले नाही; फक्त त्यांनी ती वडी ताटात ठेवली आणि बोटे पदराला पुसली. त्या इतक्या वेळ पुसत राहिल्या की मला सगळे कळले.

"सांगा ना मावशी, दोन नावं," मोबाइलवाला म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हते. "मॅडम मरून राह्यल्या तिकडे."

"आमची बकरी," बाई म्हणाल्या.

"काय?"

"बकरी होती आमची. मले राखाले सांगतली होती. कोल्ह्यानं नेली. अन बोल सोसला कुत्र्यानं. झालं?" त्या हसल्या. "नियमात जीव पायजे ना? बकरी जीव नाई का?"

मोबाइलवाला खो खो हसला. भाचा हसला नाही. "चालते," तो म्हणाला. "टाक फासा."

बाईंनी फासा टाकला. किती आले ते आठवत नाही. त्यांच्या साधूने मरळीचे रूप धरले, डोहात उतरून माझ्या वैदूची राखण केली, आणि नियमाप्रमाणे मी वाचले. खेळ संपेपर्यंत त्या बसल्या. निघताना भाच्याच्या आईला सांबारवडीत तीळ जास्त झाले असे म्हणाल्याही. नेहमी आम्ही दोघी एकाच ऑटोने परतत असू. त्या दिवशी मी चप्पल घालून बाहेर आले तेव्हा त्या गेल्या होत्या.

भाचा मला गेटपर्यंत सोडायला आला. "मॅडम," त्याने विचारले, "हा नियम तुमाले कुठून सुचला?"

खोटे बोलायची तेवढी एकच वेळ माझ्यावर आली होती. पुस्तकातून, असे म्हणायला एक श्वास पुरला असता. मी गेटच्या कडीकडे पाहत उभी राहिले. तीस वर्षे मुलांना मी शिकवले होते की ठाऊक नसेल तेव्हा गप्प बसावे. ठाऊक असूनही गप्प बसले की ते उत्तरच होते, हे मला त्या गेटाशी कळले. त्याने पुन्हा विचारले नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन गेले. बाईंच्या टेबलापुढची माझी खुर्ची भिंतीशी लावलेली होती आणि तिच्यावर जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा होता. त्या उभ्या उभ्याच काही लिहीत होत्या.

"आज काम आहे, मॅडम."

तिसऱ्या रूपाचे पान मी रविवारी निघतानाच फाइलमधून काढून घेतले होते. ते त्यांच्यापुढे धरले. "मी हे रद्द करते, बाई. फाडून टाकते."

"फाडून काय होते? वाचलं ना त्यानं." त्यांनी मान वर केली नाही. "त्यानं काल रात्रीच फोन करून इचारलं मले, मावशी, पनजीजवळ निजला होता ना मामा? आता तो मायले इचारंल, माय बाबाले इचारंल. त्याच्या आधी मलेच जा लागते."

त्या शनिवारी त्या गावी गेल्या. मंगळवारी कामावर आल्या. काय झाले हे विचारण्याचा अधिकार मला नव्हता, आणि मी विचारले नाही. जानेवारीच्या मध्यावर, झेरॉक्सच्या यंत्रापाशी आम्ही दोघीच होतो तेव्हा, यंत्राकडेच पाहत त्यांनी आपणहून सांगितले. वडील जाळे विणत बसले होते. बाईंनी सगळे सांगितले, सायकलीपर्यंत. ते विणत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी माह्या मायसंग अकरा वर्सं बोललो नाई. मेली तवाच बोललो." मग जाळे खाली ठेवून आत गेले. बाई दोन दिवस राहिल्या. ते त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांच्या हातचे जेवलेही नाहीत.

"आताबी फोनवर येत नाई," बाई म्हणाल्या. कागद गोळा करून त्या निघून गेल्या.

खेळ तिथेच थांबला. भाच्याने एकदा निरोप पाठवला की नवीन दोघे मिळाले आहेत, मॅडमनी यावे. मी गेले नाही. निळी फाइल त्याच्याचकडे आहे. मागण्याचे धाडस झाले नाही.

त्यानंतरची सव्वादोन वर्षे मी शिक्षकांच्या खोलीत डबा खाल्ला. बाई कामात पूर्वीसारख्याच चोख होत्या आणि माझ्याशी पूर्वीइतक्याच आदबीने बोलत. येणाऱ्या-जाणाऱ्याला काही बिनसले आहे असे वाटलेही नसेल. वडील वारले तेव्हा मला सूचनाफलकावरच्या त्यांच्या रजेच्या कागदावरून कळले. शेवटी ते लेकीशी बोलले का, हे मला माहीत नाही. मला एवढेच माहीत आहे की ते विचारता येईल अशी मी एकटीच होते, आणि मीच ती जागा घालवली होती.

माझ्या निवृत्तीचे कागद बाईंनीच तयार केले. मे महिन्यात एका दुपारी त्या प्रयोगशाळेत आल्या. कूलर घरघरत होता. त्यांनी कागद टेबलावर मांडले. सही करायच्या प्रत्येक जागी पेन्सिलीने बारीक फुली केलेली होती.

"इथी, मॅडम. इथीबी. ह्याच्यावर पूरं नाव."

मी सह्या केल्या. पाचव्या की सहाव्या कागदावर मी पेन थांबवले आणि म्हटले, "बाई, माझं चुकलं." दोन वर्षे मी हे वाक्य निरनिराळ्या प्रकारे जुळवून पाहिले होते. तोंडातून आले तेव्हा ते चारचौघांसारखेच आले.

बाहेर शिपाई कोणाला तरी हाक मारत होता.

"तुमी वाईट केलं असं नाई म्हनत मी," त्या म्हणाल्या. "आजीवरचा बोल गेला. कवातरी जाच लागत होता. पन मॅडम, मी तुमाले सांगतलं होतं. लिहाले नोतं सांगतलं." मग, अगदी हळू, "आता तुमच्याजवळ काही सांगाले मले भेव वाटते."

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी कागद एकत्र केले, उभे धरून टेबलावर ठोकून त्यांच्या कडा सारख्या केल्या, आणि सवयीप्रमाणे शेवटून पुन्हा चाळले. एक पान त्यांनी बाहेर काढून माझ्यापुढे ठेवले. त्यावरची पेन्सिलीची फुली तशीच मोकळी होती.

"हे राह्यलं," त्या म्हणाल्या, आणि माझी सही होईपर्यंत खिडकीकडे पाहत उभ्या राहिल्या.